गतिरोधकांमुळे अपघात घटले का? आधी फरशीवर डाळ टाकून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या सिंहगड रस्ता भागातल्या एका नागरिक गटानं २०२१ ते २०२४ या चार वर्षांतले ४२ चौकांचे अपघात पोलीस ठाण्यातल्या नोंदी आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून गोळा केले. एक्सेलमध्ये रिग्रेशन केलं, म्हणजे कुठल्या गोष्टीबरोबर अपघात किती वाढतात-घटतात याचं गणित मांडलं. अपघातांची संख्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ११ रकाने: सिग्नल, वाहतूक पोलीस, गतिरोधक, रस्त्याची रुंदी, दिवे, शाळा, दारूचं दुकान, आसपासच्या झोपडपट्टीचं प्रमाण वगैरे. आर-स्क्वेअर ०.७१ आला, म्हणजे चौकाचौकांतल्या फरकाचा ७१ टक्के भाग या रकान्यांशी जुळला. निष्कर्ष तीन निघाले. गतिरोधक बसले तिथे अपघात निम्म्यावर आले, सिग्नल आणि पोलीस असलेल्या चौकांत अपघात जास्त होतात आणि झोपडपट्टी जास्त तिथेही अपघात जास्त होतात. हे निवेदन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यायचं आहे. मॅडम, बरोबर आहे ना?

निवेदन येत्या सोमवारी द्यायचं ठरलंय असं लिहिलंय, म्हणून आधी तेवढंच सांगते. सोमवारी देऊ नका.

तक्ता मात्र जपून ठेवा. ४२ चौकांचा एकेक अपघात तारीख, वेळ आणि वाहनासकट हातानं उतरवून काढायचा म्हणजे पोलीस ठाण्यात किती हेलपाटे आणि बाहेरच्या टपरीवर किती चहा, याची मला कल्पना आहे. तुमचं गणितही चुकलेलं नाही. मी पुन्हा करून पाहिलं, तेच आकडे आले. संख्याशास्त्रातल्या माझ्या तीस वर्षांच्या कामात गणित चुकल्यामुळे वाया गेलेले अभ्यास मी मोजकेच पाहिले. तक्त्यात एकेक ओळ कशी आली हे कुणी विचारलंच नाही म्हणून वाया गेलेले ढीगभर पाहिले, आणि त्यात एक माझाही आहे. तो पुढे सांगते.

आधी गतिरोधक. फरशीवर खडूनं शंभर घरांची चौकट काढा, दहा आडवी, दहा उभी. हरभऱ्याच्या डाळीचे ३०० दाणे मोजून घ्या आणि जरा उंचावरून, डोळे मिटून, सगळीकडे सारखे पसरतील असे टाका. प्रत्येक घर म्हणजे एक चौक, प्रत्येक दाणा म्हणजे वर्षातला एक अपघात. सरासरी तीन. कुठल्याच घरात काही खोट नाही, सगळी घरं एकाच खडूनं काढलेली. तरी मोजा. पाचेक घरं रिकामी निघतील आणि आठेक घरांत सहा किंवा त्याहून जास्त दाणे सापडतील. त्या आठ घरांवर गुलाबी खडूनं फुली मारा. हा तुमचा गतिरोधक. आता दाणे गोळा करून पुन्हा टाका. फुलीच्या घरांत या वेळी सरासरी तीनच्या आसपास दाणे पडतील. खडूच्या एका फुलीनं अपघात निम्म्याहून खाली आले!

हा प्रयोग मी वर्गात करायचे. एकदा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, ‘मॅडम, निळा खडू चालेल का?’ वर्ग हसला, पण प्रश्न खरा होता. निळा चालेल. फलक चालेल, प्रबोधन सप्ताह चालेल, चौकात नारळ फोडून केलेली शांतीही चालेल. सर्वांत वाईट वर्षानंतर लगेच काहीही केलं तरी ते लागू पडल्यासारखं दिसतं, कारण वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुधा कमी वाईट असतंच.

गंमत म्हणजे रिग्रेशन हे नावच मुळात या गोष्टीवरून पडलं. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ मध्ये २०५ कुटुंबांतल्या ९२८ मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण आईबापांइतकी नाही. सरासरीकडे परत झुकतात. बुटक्यांचंही तसंच. त्या परत झुकण्याला त्यानं रिग्रेशन म्हटलं. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘समाश्रयण’ हा शब्द भारदस्त आहे, पण त्यात आधार घेण्याचा अर्थ आला आणि मागे फिरण्याचा गेला. वर्गात तो कुणी वापरत नाही, मीही नाही.

आता तुमचा तक्ता. गतिरोधक बसवलेले १२ चौक आहेत. मी तारखा लावून पाहिल्या. त्यांतल्या दहा चौकांत गतिरोधक बसला तो त्या चौकाच्या चार वर्षांतल्या सर्वांत वाईट वर्षानंतर. साहजिकच आहे. अपघात झाला, लोक रस्त्यावर बसले, फोटो छापून आले, डांबराचा ढीग पडला. म्हणजे फुली कुठे मारायची हे दाणे मोजूनच ठरलं. सरकारी व्याख्याही अशीच चालते. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं दगावली, की तो ब्लॅक स्पॉट. निकष म्हणून यात गैर काही नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण त्या रेघेच्या वर गेलेल्या जागांपैकी काही खरोखर वाईट असतात आणि काहींचं ते तीन वर्षांचं नशीब वाईट असतं. पुढच्या तीन वर्षांत दुसऱ्या प्रकारच्या जागा आपोआप खाली येतात आणि श्रेय कुणीतरी घेतं.

याचा अर्थ सगळं नशीबच, असा मात्र काढू नका. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार डाळीच्या दाण्यांनी समजावता येणार नाही. तिथे लांबलचक उतार आहे, लादलेले ट्रक आहेत, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडण्याची सवय आहे आणि खाली शहराची वाहतूक आहे. तिथला आकडा दरवर्षी वर असतो. फरक ओळखायची साधी खूण हीच: एकाच वर्षी उसळलेला चौक आणि चारही वर्षं वर राहिलेला चौक. रस्ता सुरक्षेच्या अभ्यासात यासाठी एम्पिरिकल बेझ नावाची रीत वापरतात. नाव घाबरवणारं आहे, कल्पना आजीबाईची आहे. एका चौकात या वर्षी आठ अपघात झाले आणि तशाच रुंदीच्या, तशाच रहदारीच्या चौकांची सरासरी तीन आहे, तर त्या चौकाचा खरा दर आठही धरायचा नाही आणि तीनही नाही. मधला कुठलातरी धरायचा. स्वतःच्या नोंदी जितक्या जास्त वर्षांच्या, तितकं आठच्या बाजूला सरकायचं. ‘आधी’चा आकडा हा धरा, आणि मग ‘नंतर’शी तुलना करा.

‘नंतर’च्या आकड्यातही एक भोक आहे आणि ते मला योगायोगानं दिसलं. तुमचा मृत्यूंचा रकाना जुलै २०२४ पासून जवळजवळ रिकामा आहे. एवढी कृपा सिंहगड रस्त्यावर झाली असती तर आपण ढोल वाजवले असते. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणानं मृत्यूचं जुनं कलम ३०४-अ आता १०६(१) आहे आणि बेदरकार गाडी चालवण्याचं २७९ आता २८१. तुम्ही नोंदी ‘३०४-अ’ शोधून काढल्यात ना? मग जुलैनंतरचे मृत्यू त्या शोधात सापडणारच नाहीत. तुमच्या १२ पैकी सात गतिरोधक २०२३ च्या अखेरीनंतरचे आहेत. म्हणजे ‘निम्म्यावर आले’ मधला मोठा वाटा गतिरोधकाचाही नाही आणि नशिबाचाही नाही, तो कलमाचा आहे. नव्या कलमांनी पुन्हा शोधा.

नोंदींची रीतच बदलणारे असे सांधे तुमच्या भागात आणखी आहेत आणि ते सगळे तक्त्यात तारखेनिशी टाकायला हवेत. ३० जून २०२१ ला महापालिकेत २३ गावं आली, त्यांत तुमच्याकडची नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. धायरी त्याआधीच, २०१७ मध्ये आलेली. तोवर रस्त्याचं काम कुणाचं, दिवा कुणाचा आणि नोंद कुठल्या ठाण्यात, हे सगळं वेगळं होतं. २०२४ मध्ये नांदेड सिटी, आंबेगाव अशी नवी पोलीस ठाणी झाली आणि हद्दी पुन्हा हलल्या. २०२१ चा पूर्वार्ध कोरोनाच्या निर्बंधांत गेला, रस्ते ओस होते, म्हणून ते वर्ष ‘आधी’ म्हणून धरलंत तर पुढची सगळी वर्षं वाईटच दिसतील. मध्ये सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चाललं होतं, तेव्हा वाहनं कुठल्या गल्ल्यांतून वळली हे तुम्हीच मला सांगाल. कुणी २०१५ पासूनचे आकडे आणून दिले तर आणखी एक लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं. त्या वर्षी पुणे शहराचे गुन्हे आणि अपघात घटलेले दिसतात, कारण बरीच हद्दच गेली. या घटीचं श्रेय घेणारे लेखही मी वाचले आहेत.

आता सिग्नल आणि पोलीस. इथे मी फार थांबणार नाही, कारण हे तुम्हालाही मनातून पटलेलं नसावं. पोलीस उभा असतो म्हणून अपघात होत नाहीत. अपघात होतात, कोंडी होते, म्हणून तिथे पोलीस उभा करतात. रिग्रेशनला बाणाची दिशा कळत नाही. दवाखान्यात गेलेल्यांत आजारी जास्त सापडतात तसंच हे. शिवाय सिग्नल लागतो तो मोठ्या चौकात. तिथून दिवसाला जितकी वाहनं जातात तितकी तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरून महिन्यात जात नाहीत. तुमच्या ११ रकान्यांत ‘किती वाहनं गेली’ हा रकानाच नाही. हा नसेल तर सिग्नल, पोलीस, रुंदी, दिवे हे चारही रकाने आडून रहदारीच मोजत राहतात. तुमचा ०.७१ बहुतेक तिथूनच आला आहे. मोठ्या चौकांत जास्त अपघात होतात, एवढंच तो सांगतो. ते आपल्याला एक्सेलशिवाय ठाऊक होतं.

रहदारी मोजायला महागडी यंत्रं लागत नाहीत. दोघांनी १५-१५ मिनिटं उभं राहायचं, एकानं दुचाकी, दुसऱ्यानं बाकी सगळं, पाच-पाचच्या काड्या मारत. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. मंगळवार-बुधवार घ्या. गुरुवार टाळा, भोसरी-चाकणच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि आपल्याकडे देखभालीसाठी वीजही त्याच दिवशी जाते, तेव्हा सिग्नल चालू असेलच असं नाही. गणपतीचे दहा दिवस मोजू नका. आणि कृपा करून आरटीओकडची नोंदणीकृत वाहनांची संख्या भाजक म्हणून घेऊ नका. एमएच-१२ च्या यादीत भंगारात गेलेली स्कूटरही असते आणि बेंगळुरूत धावणारी गाडीही.

मॉडेलबद्दल आता थोडं तांत्रिक. साध्या रेषेनं तुमच्या सहा चौकांना उणे अपघात दिले आहेत. उणे अपघात म्हणजे काय, मेलेला माणूस उठून घरी गेला? अपघात ही मोजदाद आहे. शून्य, एक, दोन अशी, आणि बहुतेक चौकांत लहान. अशा मोजदादीला पॉयसां रिग्रेशन वापरतात. १८९८ मध्ये बोर्टकिविच नावाच्या माणसानं प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेनं किती सैनिक मेले याचे आकडे मांडले. दहा पलटणी, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी आणि १२२ मृत्यू. १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीनमध्ये तीन आणि एका नोंदीत चार. कुणाचा घोडा फार द्वाड नव्हता. निव्वळ योगायोगानं आकडे जसे पसरायला हवेत तसेच ते पसरले होते. आपली डाळ आणि त्याचे घोडे एकाच जातीचे. तुमचे चौक मात्र याहून जास्त विखुरलेले आहेत, सरासरीपेक्षा विचरण (आकडे किती पसरले याचं माप) बरंच मोठं आहे, म्हणून अशा जास्त पसरलेल्या मोजदादीसाठी असलेलं निगेटिव्ह बायनॉमियल रिग्रेशन घ्या. रहदारीचा लॉग ऑफसेट (पक्का भाजक) म्हणून टाका, म्हणजे मॉडेल अपघातांची संख्या न मोजता दर मोजेल. आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि तुमच्या गटातली ती इंजिनिअर मुलगी ते एका रविवारी शिकेल. एकच चौक चार वर्षं चार ओळींत येतो, त्या चार ओळी म्हणजे चार वेगळे साक्षीदार नव्हेत, एकाच माणसाचे चार जबाब आहेत. प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे याचं माप) काढताना चौकानुसार गट धरायला सांगा.

आणि ११ रकाने फार झाले. एकाही रकान्याचा अपघातांशी काडीचा संबंध नसला, तरी ११ पैकी निदान एक तरी ‘०.०५ च्या खाली’, म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये इतका ठळक, येण्याची शक्यता ४३ टक्के आहे, रकाने एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर. तुमचं दारूचं दुकान बहुधा त्यातूनच आलं. रहदारी, रुंदी, गतिरोधक आणि वर्ष. मॉडेलमध्ये हे चार पुरे. कुठले ठेवायचे ते आकडे बघायच्या आधी कागदावर लिहून, तारीख घालून, गटातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. नंतर मोह होतो. मलाही होतो.

झोपडपट्टीचा रकाना. याबद्दल मी नेहमीपेक्षा कडक बोलणार आहे.

तुमच्या तक्त्यात एवढंच आहे की ज्या चौकाच्या आसपास वस्तीचं प्रमाण जास्त, तिथे अपघात जास्त. निवेदनात तुम्ही लिहिलंय, ‘तेथील रहिवाशांमध्ये वाहतूक शिस्तीचा अभाव’. ही उडी कुठून आली? तक्त्यात एकाही माणसाची शिस्त मोजलेली नाही. अपघात करणारा कुठे राहतो हेही नाही. १९५० मध्ये रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून एक गोष्ट दाखवली. राज्याराज्यांची तुलना केली तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी, सहसंबंध उणे ०.५३. पण माणसामाणसाची तुलना केली तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता थोडी जास्त, अधिक ०.१२. चिन्हच उलटं. कारण स्थलांतरित माणूस अशा राज्यांत जाऊन राहिला जिथले मूळचे लोक चांगले शिकलेले होते. गटाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोललं की असं तोंडावर पडायला होतं.

पुण्यात वस्त्या कुठे आहेत ते आठवा. ओढ्याकाठी, टेकडीच्या उतारावर, महामार्गाच्या कडेला. जिथे बाकीच्यांना राहायचं नव्हतं तिथे. तिथे पदपथ नाही, नळ किंवा शाळा रस्त्याच्या पलीकडे, आणि पायी ये-जा भरपूर. तुमच्याच तक्त्यात ‘कोण जखमी’ हा रकाना आहे, तो उघडून बघा. त्या चौकांतल्या जखमींत पादचारी जास्त आहेत. मग शिस्त कुणाची मोजायची, रस्ता ओलांडणाऱ्याची की साठच्या वेगानं येणाऱ्याची? हा रकाना काढून टाका आणि त्या जागी ‘पदपथ आहे का’ आणि ‘रस्ता ओलांडायला जागा आहे का’ असे दोन तक्त्यात लिहा. हे महापालिकेला दुरुस्त करता येतं. माणसांची वस्ती हे दुरुस्त करायचं कलम नव्हे. तरीही निवेदनात ते वाक्य ठेवायचं असेल, तर माझं नाव कुठे घेऊ नका.

१८९९ मध्ये युल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं गरिबी आणि सरकारी मदत यांवर अनेक चलांचं रिग्रेशन केलं. सामाजिक प्रश्नाला हे हत्यार लावण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न. सगळा लेख ‘यामुळे ते’ अशा भाषेत लिहिला आणि एका तळटीपेत हळूच म्हटलं की काटेकोरपणे बोलायचं तर ‘मुळे’च्या जागी ‘संबंधित’ असं वाचावं. सव्वाशे वर्षं झाली, तळटीप अजून कुणी वाचत नाही.

माझी फजिती सांगायची राहिली. बरीच वर्षं झाली. एका लहान शहराच्या नगरपालिकेसाठी रस्त्यावरचे दिवे आणि चोऱ्या असा अभ्यास केला. दिवे लागलेल्या भागांत चोऱ्या वाढल्या असं निघालं, आकडा चांगला ठसठशीत. मी त्यावर सुंदर उपपत्तीही बांधली, उजेडात चोराला घराची कडी दिसते वगैरे. सादरीकरण झाल्यावर मागे बसलेले एक हवालदार जवळ आले आणि म्हणाले, ‘बाई, दिवे लागले त्याच महिन्यात तिथं आमची चौकी उघडली. त्याआधी तक्रार द्यायला माणसाला बाजारापर्यंत चालत यावं लागायचं. कोण येतंय सायकलच्या चोरीसाठी?’ वाढल्या होत्या त्या तक्रारी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातही हेच बजावलेलं असतं, की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या हवालदारांना मी अभ्यास सुरू करताना भेटले असते तर चार महिने वाचले असते. तेव्हापासून तक्ता हातात आला की मी आधी तो भरणाऱ्या माणसाला भेटते.

तुमच्याकडेही हेच लागू. किरकोळ धडक चौकातच मिटते. ‘दे पाचशे, नीघ’. मृत्यू लपत नाही, गंभीर दुखापत फारशी लपत नाही. म्हणून मृत्यू आणि गंभीर दुखापत वेगळे काढा, किरकोळ बाजूला ठेवा. बातम्यांवरून घेतलेले अपघातही वेगळ्या रंगात करा, कारण पावसाळ्यात बातमीला जागा कमी असते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जास्त.

मग आता करायचं काय? डाळीच्या प्रयोगाची खोड मोडायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: तितकेच वाईट, पण फुली न मारलेले चौक शोधा. आणि इथे पुण्याची महापालिका तुमच्या मदतीला येते, स्वतःला नकळत. गतिरोधकाचे प्रस्ताव वर्षभर जमतात, काम होतं मार्चअखेर. निधी संपला की यादीतली उरलेली नावं तशीच राहतात. मार्च २०२२ पर्यंत नगरसेवक होते तेव्हा ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, कामं व्हायची, मग मुदत संपून प्रशासक आले आणि यादीचा क्रमच बदलला. कुठला चौक आधी आणि कुठला राहिला, यात अपघातांचा हात कमी आणि फायलीचा जास्त. नागरिक म्हणून यावर आपण चिडतो. संख्याशास्त्रज्ञ म्हणून मला ही जवळजवळ सोडत वाटते आणि हात चोळावेसे वाटतात. माहितीच्या अधिकारात एवढंच मागा: चार वर्षांत मंजूर झालेले सगळे गतिरोधक, मंजुरीची तारीख, आणि काम झालं असेल तर त्याची तारीख. मंजूर, पण काम न झालेले चौक हा तुमचा तुलनेचा गट.

गणित कसं दिसेल ते काल्पनिक आकड्यांत दाखवते. समजा गतिरोधक बसलेल्या १२ चौकांत गंभीर अपघात ४० वरून २८ वर आले. ३० टक्के घट. पण एवढ्या लहान आकड्यांत योगायोगाची जागा मोठी असते; ९५ टक्के विश्वासार्हतेनं बोलायचं तर ५७ टक्के घट ते १३ टक्के वाढ, यांतलं काहीही. आता मंजूर, पण काम न झालेल्या चौकांत समजा ५० चे ४१ झाले, काहीच न करता. ही आपोआपची घट वजा केली की गतिरोधकाच्या वाट्याला उरते साधारण १५ टक्के, आणि तिचा पल्ला निम्म्याहून खाली ते दीडपटीच्या वर. म्हणजे कळलं काय? या आकड्यांवरून सांगता येत नाही, एवढं. गतिरोधक निरुपयोगी आहेत असं यातून निघत नाही हेही लक्षात ठेवा. कार्यालयातला कुणी तसं म्हणाला तर त्यालाही हेच पल्ले दाखवा.

खरं तर माझा सल्ला असा की अपघातांच्या मागे लागूच नका, वेगाच्या मागे लागा. अपघात वर्षाला चार होतात, वाहनं तासाला शेकड्यांनी जातात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे वेग मोजणं हे पुढच्या अपघातांचं भाकीतच. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि गच्चीवरून मोबाइलवर चित्रीकरण करा. गाडीनं ते अंतर ३.६ सेकंदांत कापलं तर वेग ताशी ५०, ७.२ सेकंदांत कापलं तर २५. इंडियन रोड्स काँग्रेसचा प्रमाण गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी २५ च्याच वेगासाठी आखलेला आहे. आपल्याकडे रात्रीतून उगवतात ते उंचवटे बघा, त्यांनी वाहन थांबतं कमी आणि मणका हलतो जास्त. तेव्हा ‘गतिरोधक आहे / नाही’ एवढा रकाना पुरत नाही. टेप घेऊन जा. रुंदी, उंची, रंगाचे पट्टे आणि आधी सूचनाफलक आहे का, असे रकाने करा. चार चौक मंजुरीच्या यादीतून निवडा, काम व्हायच्या आधी वेग मोजा, नंतर मोजा आणि त्याच दिवशी काम न झालेल्या चार चौकांतही मोजा. महिन्याभरात हातात जे येईल ते चार वर्षांच्या अपघातांनी दिलं नसतं.

सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात जायचंच असेल तर निवेदनाऐवजी माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन जा. वर सांगितलेल्या तारखा हाती आल्या की त्या चौकाच्या नावाशेजारच्या पहिल्या रकान्यात टाका, ३०४-अ बरोबर १०६(१) चा शोध पुन्हा चालवा आणि तक्ता मला पाठवा. आणि मोजणीला निघालात की कळवा. माझ्याकडे थांबघड्याळ आहे, आणि सकाळी सात ते नऊ मी मोकळीच असते.